जुन्या धुळ्यातली बँक: बिल्डिंगला पाच स्टार, बँकेला अडीच

आधी रेटिंग टाकून देतो, कारण एवढं लांबलचक शेवटपर्यंत कोणी वाचत नाही. बिल्डिंगला पाचपैकी पाच. लॉकरला चार. काउंटर सर्व्हिसला अडीच, आणि त्यातले दोन एकट्या कॅशवाल्या ताईंचे. आतमधे इंटिरिअरच्या नावाखाली जे काही करून ठेवलंय त्याला शून्य, मायनस द्यायची सोय नाही म्हणून.

बँकेचं नाव मुद्दाम टाकत नाही. एकट्या तिचाच दोष आहे असंही नाही, जुन्या बिल्डिंगमधे भाड्याने बसलेल्या बहुतेक बँका हेच करतात. जुन्या धुळ्यात ज्यांचं खातं आहे, पाच कंदील, आग्रा रोड, नंबरच्या गल्ल्या ज्यांना पाठ आहेत, त्यांना कळेल. आणि मी काही आर्किटेक्ट नाही भो, जुनी घरं-वाडे-दुकानं रिपेअर करायची कामं घेतो, त्यामुळे पासबुक भरायला गेलो तरी नजर आधी गर्डरवर जाते, त्याला इलाज नाही.

बाहेरून सुरू करू. जोतं चांगलं छातीएवढं उंच, सगळं काळ्या घडीव दगडाचं, चुन्यात बसवलेलं, आणि एकही सांधा हललेला नाही. लोकं म्हणतात इंग्रजांना रुबाब दाखवायचा होता म्हणून एवढं उंच, असेल तेही, पण ज्या गावाने १८७२ चा पांझरेचा पूर पाहिला, ज्यात घरंदारं, मालमत्ता सगळ्याचं नुकसान झालं, त्या गावात रोकड आणि वह्या ठेवायची जागा रस्त्याच्या लेव्हलला कोण बांधेल? जोत्यावर ओटा, ओट्यावर तीन कमानी, त्यामागे दरवाजा. म्हणजे ऊन थेट दारावर येतच नाही. नोटबंदीत २०१६ ला अख्खी लाइन ह्या ओट्यावर सावलीत उभी होती आणि नव्या कॉलनीतल्या काचेच्या ब्रँचवाले लोकं रस्त्यावर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

पण हेच जोतं म्हाताऱ्या माणसांची परीक्षा घेतं. पायऱ्या उंच, कठडा एकाच बाजूला, तोही मधेच तुटलेला. पेन्शनच्या दिवसात आज्या एकमेकींना धरून चढतात ते बघवत नाही. रॅम्प का नाही विचारलं तर उत्तर येतं की जुनी बिल्डिंग आहे, हात लावता येत नाही. अहो, आतमधे सगळीकडे हात लावला की तुम्ही! कडेला नटबोल्टचा लोखंडी रॅम्प उभा करता येतो, दगडाला एक भोकसुद्धा पाडावं लागत नाही, एका फॅब्रिकेटरचं आठवड्याचं काम आहे.

ओट्यावरचे दोन खांब नीट बघा. गोल, वरती निमुळते, आणि माथ्यावर दोन्ही बाजूंना दगडात कोरलेले वेटोळे. ही ग्रीक देवळांची स्टाइल, इंग्रजांनी त्यांच्या बँकांना लावली आणि तिथून ती आपल्याकडे आली. हिशोब सरळ होता, माणूस पैसे ठेवायला आला की त्याला वाटलं पाहिजे हे घर आपल्या नातवापर्यंत इथंच उभं राहणार. गंमत बघा, वेटोळे परदेशी पण त्यांच्या खाली जी पट्टी आहे तिच्यात आपल्या पाथरवटाने हळूच कमळाच्या पाकळ्या काढून टाकल्यात. साहेबाला दिसलं नसेल, किंवा दिसूनही आवडलं असेल. सध्या त्या पाकळ्यांवर केबलवाल्याने क्लॅम्प ठोकलाय.

आत गेलं की मोठा हॉल. ह्याच्याआधी गावात पैशाचा व्यवहार म्हणजे पेढी, तिथे गिऱ्हाईक शेटजींच्या समोर गादीवर बसायचं, पानसुपारी व्हायची, मग आकडा निघायचा. बँकेने गिऱ्हाइकाला उभं केलं आणि मधे सागवानी काउंटर आणि पितळी जाळी टाकली. काउंटर अजून आहे बरं का, अख्ख्या लांबीचा, वरची फळी हातांनी घासून घासून काळी गुळगुळीत झालेली आणि कॅशच्या खिडकीसमोर तर चक्क खळगा पडलाय. पितळी जाळी मात्र गेली, तिच्या जागी अ‍ॅक्रेलिक, त्याला खाली गोल भोक, त्यातून बोललेलं आतल्याला ऐकू जात नाही आणि आतलं बाहेर येत नाही.

आता बिल्डिंग किती जुनी ते. पाटी-बिटी काही नाही, पण बिल्डिंग स्वतःच सांगते, वाचता आलं पाहिजे. हॉलची फरशी रंगीत सिमेंट लाद्यांची आहे, विटकरी, पिवळा, काळा, मधे आठ पाकळ्यांचं फूल. अशा लाद्या आधी बाहेरून यायच्या, मुंबईत भारत टाइल्सवाल्यांनी १९२२ साली देशी बनवायला घेतल्या, आणि मग त्या आपल्या खान्देशातल्या घराघरात पोचल्या, तुमच्या आजोळी देवघरात असतील बघा. छताच्या गर्डरवर टिस्कोचा शिक्का आहे. टाटांच्या कारखान्यात पोलाद निघायला लागलं १९१२ ला, म्हणजे त्याच्या आधीची नाही. आणि स्लॅब आरसीसीचा नाही, गर्डरमधे विटांच्या कमानी भरून वर चुन्याचा कोबा, ही पद्धत सिमेंट स्वस्त झाल्यावर मागे पडत गेली. सगळं जुळवलं की माझ्या मते एकोणीसशे वीसचं दशक, फार तर तिसाची सुरुवात.

आणि ते बसतंही. बँक ऑफ बेंगाल, बँक ऑफ बॉम्बे, बँक ऑफ मद्रास ह्या तीन बँका एक करून १९२१ ला इम्पीरियल बँक झाली, तिला अटच होती की पाच वर्षांत शंभर नव्या शाखा काढायच्या. त्या काळात बँक मोठ्या शहरातून जिल्ह्याच्या गावाला यायला लागली. (हीच इम्पीरियल पुढे १ जुलै १९५५ ला स्टेट बँक झाली.) शाखेच्या प्रमुखाला तेव्हा मॅनेजर नाही, एजंट म्हणायचे, आणि तो बऱ्याच ठिकाणी वरच्या मजल्यावरच राहायचा. इथेही मागच्या बाजूने वेगळा लाकडी जिना आहे आणि वर खोल्या आहेत, धुराड्यासकट मुदपाकखाना आहे. आता तिथे जुनी व्हाउचरं आणि तुटक्या खुर्च्या. एका लाकडी कपाटावर पांढऱ्या रंगात वेस्ट खान्देश असं अजून वाचता येतं. १९०६ ला खान्देशाचे दोन जिल्हे केले, पूर्व म्हणजे जळगाव आणि पश्चिम म्हणजे धुळे, त्यातला तो वेस्ट. आजच्या पोरांना नंदुरबार आपल्यातच होतं हेही माहीत नसतं, आणि त्याला तर १९९८ पर्यंतच वेगळं केलं नव्हतं.

धुळ्यातच बँक का, ह्याचं उत्तर कापूस. कॅप्टन ब्रिग्सने १८१८ नंतर धुळं मुख्य ठाणं केलं आणि बऱ्हाणपूर-सुरतेकडचे व्यापारी-कारागीर इथे बोलावून वसवले, नंबरच्या सरळ गल्ल्या बघितल्या की हे गाव आखून वाढलंय ते कळतंच. मग अमेरिकेत १८६१ ला यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला, आणि इकडे भाव असे चढले की बैलगाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याच्या गोष्टी अजून म्हातारे सांगतात. त्याच सुमाराला अ‍ॅशबर्नर नावाच्या कलेक्टरने हिंगणघाटचं बी इकडे आणून लावायला लावलं. १८६५ ला युद्ध संपलं आणि फुगा फुटला. १८४० ची जुनी बँक ऑफ बॉम्बे त्यातच बुडाली, शेअरवर वारेमाप कर्जं वाटून बसलेली, १८६८ ला त्याच नावाने नवी उभी करावी लागली. तर ज्या धंद्यात एक अख्खी बँक बुडाली त्याच धंद्यासाठी पुढे बँका गावात आल्या. १९०० ला चाळीसगाव-धुळे रेल्वे झाली, जिनिंग-प्रेसिंग वाढलं, दिवाळी ते संक्रांत गाठोड्यांबरोबर रोकडही फिरायला लागली, ती ठेवायला जाड भिंतीचं घर हवंच होतं.

आता मुख्य मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे सगळं टाइप करतोय. ही बिल्डिंग खान्देशच्या उन्हाळ्यासाठी बांधलेली आहे. भिंत दोन फुटाच्या वर जाड, म्हणजे दिवसभराचं ऊन आत पोचेपर्यंत संध्याकाळ होते आणि तोवर बँक बंद. छत अठरा फुटांच्या आसपास, गरम हवा वर जाते. वरती छताच्या जवळ दोन्ही भिंतींना समोरासमोर झरोके, त्यांची तावदानं खालून दोरीने उघडायची, कप्पी अजून जागेवर आहे. गरम हवा वर चढली की झरोक्यातून बाहेर, ओट्याच्या सावलीतली त्यातल्या त्यात गार हवा दारातून आत. लाइट लागत नाही, डिझेल लागत नाही. छताला हाताने ओढायच्या पंख्याची कडीसुद्धा आहेत, म्हणजे ज्याने बांधलं त्याने मे महिना डोळ्यासमोर ठेवून बांधलं.

आणि बँकेने काय केलं? नऊ फुटावर फॉल्स सीलिंग मारलं. झरोके त्याच्या वर गेले, ते प्लायवूडने ठोकून बंद. खाली चार एसी. पैठणीवर रेनकोट घालून लग्नाला जायची गत झाली. बरं, एसी चालू असले तर कोणी बोलायचं नाही, पण आपल्याकडे मे मधे लाइटचा काय भरवसा, लाइट गेली की जनरेटरवर फक्त कॉम्प्युटर आणि ट्यूबलाइटी चालतात, एसी बंद. मग त्या नऊ फुटाच्या खोक्यात पन्नास माणसं घामाने निथळत उभी आणि त्यांच्या डोक्यावर तेवढाच उंच मोकळा हॉल रिकामा, बंद. मला तिथे उभं राहून अक्षरशः चिडचिड होते. वरती त्या पोकळीत कबुतरं राहतात, त्यांना मात्र मस्त हवा असणार.

टॉयलेटजवळ एसीचं पाणी गळून सीलिंगची एक शीट खाली आलीये, त्यातून मोबाइलचा टॉर्च मारून मी गर्डर आणि कमानी बघितल्या. बँकेत छताकडे टॉर्च मारणारा माणूस म्हटल्यावर गार्डभाऊ बंदूक सावरत आलेच, काय देखी राह्यनात भाऊ? म्हणलं विटा बघतोय. त्यांनी पण मान वर केली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, ह्या इतल्या भारी शेत आन आम्ही आठे गरममा मरी राह्यनूत. एवढ्या चांगल्या शब्दात मला नसतं जमलं. त्या कमानी खरंच बघण्यासारख्या आहेत, दोन गर्डरच्या मधे विटा उभ्या लावून उथळ कमान, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकसारखी ओळ, कुठेही पोट आलेलं नाही, फक्त जिथे एसीचे पाइप न्यायला भोकं पाडलीत तिथे गर्डरला गंज धरलाय. तो वेळेवर बघितला नाही तर गर्डर फुगतो आणि विटा ढकलतो, मग मात्र खर्च.

दुसरं पाप भिंतींवर. मूळ गिलावा चुन्याचा. चुना ओल घेतो आणि सोडतो, जाड दगड-विटांच्या भिंतीला तेच लागतं. ह्यांनी खाली चार फूट सिमेंटचा गिलावा मारून वर चकचकीत ऑइलपेंट दिला. ओल कुठे जाणार? ती वर चढली आणि सिमेंट संपतं तिथून लोणा फुटला, पांढरी पूड, पापुद्रे. मॅनेजर मॅडमना वाटतं जुनी भिंत सडली. भिंत ठणठणीत आहे मॅडम, रंग सडलाय. दर दोन-तीन वर्षांनी परत तोच रंग मारण्यापेक्षा एकदा सिमेंट खरवडून चुना लावा, धुळ्यात चुन्याचं काम करणारे मिस्त्री अजून आहेत, कमी आहेत पण आहेत. (माझं कार्ड देत नाहीये, कोणालाही बोलवा.)

आता लॉकर, इथे मात्र मन प्रसन्न होतं. स्ट्राँगरूम मागच्या कोपऱ्यात, बाहेरची एकही भिंत रस्त्याला लागून नाही, खिडकी नाही, एकच झरोका आणि त्यालाही आडवे-उभे गज. दरवाजा गोदरेजचा जुना, पोलादी, बोटभर जाड कड्या चारी बाजूला सरकतात, आणि मॅडमनी ताकद न लावता एका हाताने उघडला, बिजागऱ्या इतक्या समतोल. ह्या दरवाजाच्या चाव्या दोन माणसांकडे असतात, एकटा मॅनेजर उघडू शकत नाही, एकटा कॅशियरही नाही. आपल्या लॉकरलाही तसंच, आधी बँकेची चावी मग आपली. हॉलमधे बेचाळीस डिग्रीची धग असली तरी स्ट्राँगरूममधे गारवा, कारण तिथे कोणी इंटिरिअर केलेलं नाही.

एवढ्या बंदोबस्ताचं हसू येत असेल तर चिमठाण्याची आठवण ठेवा. १४ एप्रिल १९४४, धुळ्याहून नंदुरबारकडे जाणारा सरकारी खजिना शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला, साडेपाच लाखाच्या आसपास, डॉ. उत्तमराव पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही त्यातली मंडळी, पैसा चळवळीसाठी. आणि त्याच दिवशी, तारीख तीच, मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाज फुटलं, त्यात सोन्याच्या विटा होत्या त्या लांबलांब उडून पडल्या. एकाच दिवशी सरकारची तिजोरी दोन्हीकडून फुटली म्हणायची. आमच्याकडे लहानपणी चिमठाण्याची गोष्ट सगळ्यांना माहीत असायची, आता बँकेच्या कॅशव्हॅनवाल्या पोराला विचारलं तर त्याने फक्त मान हलवली.

लॉकरचा एक स्टार का कापला? कारण काम दहा मिनिटाचं आणि वाट बघणं पाऊण तासाचं. रजिस्टर हाताने लिहितात, त्याला माझी हरकत नाही, पण दुसरी चावी ज्यांच्याकडे ते साहेब जेवायला गेले की सगळं ठप्प. लॉकर उघडल्याचा एसएमएस मात्र लगेच आला, त्याबद्दल शाबासकी.

काउंटरचं सांगायचं तर कॅशवाल्या ताई सुपरफास्ट, अहिराणी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांशी अहिराणीत बोलतात, स्लिप चुकली तर स्वतः भरून देतात. बाकी सगळं नेहमीचं. पासबुक मशीन बंद, त्याच्यावर बंदची पाटीसुद्धा आता जुनी झालीये. केवायसीला तेच कागद परत परत. पेरणीच्या आधी पीककर्जाची गर्दी आणि दिवाळीनंतर कापसाच्या पैशांची, ह्या दोन सीझनला दुसरं काम असेल तर जाऊच नका. खरं म्हणजे हॉल तरी काय करणार, तो बांधला दहा-पंधरा व्यापाऱ्यांसाठी, १९६९ ला चौदा बँका सरकारी झाल्यावर शेतकरी आत आला, मग जनधन आलं, आणि ते चांगलंच झालं, पण बाकडी वाढली नाहीत. भिंतीला लागून दोन लांब बाकडी टाकायला जागा आहे, सध्या तिथे इन्शुरन्सचे स्टँडी उभेत.

जायचं असेल तर सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुसरा-चौथा शनिवार सोडून. गाडी पुढे लावू नका, ट्रॅफिकवाले उचलतात, मागच्या गल्लीत लावा. आणि उभंच राहायचंय तर डावीकडच्या खिडकीपाशी रहा, तिथलं सीलिंग थोडं अलीकडे संपतं आणि कमानीचा एक तुकडा दिसतो.

सध्या बोललं जातंय की ब्रँच देवपूरकडे नव्या कॉम्प्लेक्समधे जाणार. बिल्डिंगचं मग काय होईल ते मालक जाणे, माझी इच्छा एवढीच की पाडायच्या आधी त्याने एकदा सीलिंग काढून वर बघावं. लॉकर असलेल्यांनी मात्र आत्ताच लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेचा २०२१ चा नियम आहे, २०२२ पासून लागू, की ब्रँच हलवताना लॉकर हलणार असतील तर दोन पेपरात जाहीर नोटीस पाहिजे, त्यातला एक आपल्या भाषेतला, आणि लॉकरधारकाला कमीत कमी दोन महिने आधी कळवलं पाहिजे, लॉकर बंद करायचा किंवा बदलायचा पर्याय देऊन. आणि आग, चोरी, बिल्डिंग पडणं ह्यात बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट. तुमचं भाडं दोन हजार असेल तर दोन लाख, आत सोनं कितीही असो. नवीन अ‍ॅग्रीमेंट सही केलं नसेल तर ते करून कॉपी घरी आणा, आणि काउंटरवर पत्ता आणि मोबाइल नंबर अपडेट आहे का ते विचारून घ्या, नाहीतर नोटीस जुन्या पत्त्यावर जाऊन पडेल.